मधल्याचं मरण

पोळा जवळ आला, की विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी बैलांच्याही आधी येऊन उभी राहते. अमुक शिवारात जुगार अड्ड्यावर धाड, तमुक जण ताब्यात, रोख रक्कम, मोबाइल, दुचाक्या आणि ५२ ताशपत्ते जप्त. गावं बदलतात, आरोपींचा आकडा बदलतो, पत्ते मात्र ५२ च्या ५२. इतकी वर्षं या बातम्या वाचतो आहे, पण एखाद्या अड्ड्यावर ५१ पत्ते सापडले असं कधी वाचलं नाही. एवढा चोख हिशोब सरकारदरबारी दुसऱ्या कुठल्याही मालाचा लागत नाही.

या बातमीत एक गोष्ट मात्र कधीच नसते. धाड पडली तेव्हा डाव कोणत्या अवस्थेत होता? कुणासमोर ढीग होता आणि कुणाकडे परतीच्या ऑटोपुरतेच पैसे उरले होते? खरी बातमी तीच आहे, कारण धाड सगळ्यांवर सारखी पडत नाही. ज्याच्यासमोर ढीग आहे तो लुटला जातो. जो सगळं घालवून शेवटची शंभराची नोट मुठीत धरून बसलाय, त्याला खाकी वर्दीत साक्षात मारुतीराया दिसतो. नोट जप्त होते, पण ‘हरला’ असं म्हणायची कुणाची टाप राहत नाही. पुढे आयुष्यभर तो सांगत फिरतो, “डाव फिरूनच राहिला होता ना राजा, तेवढ्यात पोलीस आले.”

पत्त्यांच्या खेळात माणूस कसा वागतो हे त्याच्या हातातल्या पत्त्यांवर ठरतं, असा एक भाबडा समज आहे. ते ठरतं समोरच्या ढिगावर. आणि त्याहीपेक्षा जास्त, शेजाऱ्याच्या ढिगावर.

आता कायद्याचं काय ते एकदा सांगून टाकू, म्हणजे वाचक मोकळेपणाने वाचतील. आपल्याकडचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. राणीच्या राज्यातला, पण तब्येत ठणठणीत. १९७६ मध्ये महाराष्ट्राने एक कॅसिनोचा कायदाही करून ठेवला होता. तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये सरकारने तो मोडीत काढायचं ठरवलं. सत्तेचाळीस वर्षं पत्ते हातात धरून बसायचं आणि शेवटी ‘पास’ म्हणायचं, असा संयम जगातल्या एकाही जुगाऱ्याने दाखवलेला नाही. मग उरला मोबाइल. तर २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींनी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर सही केली आणि पैसे लावून खेळायचे मोबाइलवरचे सगळे खेळ बंद झाले. त्या दिवशी पोळा होता. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघाली आणि इडा-पिडा घेऊन गेली, पण त्या वर्षी ती पिडा आदल्या दिवशीच दिल्लीहून निघून गेली होती.

तेव्हा ज्याला खरे पैसे लावून पोकर खेळायचाय, त्याने गोव्याचं तिकीट काढावं आणि पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर चढावं. बाकीच्यांनी घरी बसून अभ्यास करावा. अभ्यासाला कुठल्याच कायद्यात बंदी नाही आणि अभ्यासात पैसे जात नाहीत. आमच्या नागपुरात न खेळलेल्या खेळाचे जाणकार भरपूर. सदरपासून महालापर्यंत कुठल्याही टपरीवर तर्री-पोहे खाता खाता कोणत्याही कर्णधाराची चूक दाखवून देणारा माणूस मिळतो. पोकर त्यातून कसा सुटणार?

मला स्वतःला या खेळातला एकच प्रसंग वेड लावतो. मोठ्या स्पर्धेचं शेवटचं टेबल, लाखो डॉलरची बक्षिसं, आणि त्या टेबलावर सगळ्यांत कमी चिप्स घेऊन बसलेला माणूस. खेळाडूंच्या भाषेत शॉर्ट स्टॅक. आपल्या भाषेत, आता गेला की मग गेला असा.

ज्यांनी आयुष्यात फक्त तीनपत्ती पाहिलीय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तीनपत्तीत समोरचे पैसे खरे असतात. हात तापला की उठायचं, उरलेले खिशात घालायचे आणि “घरून फोन येऊन राहिला” म्हणून निघायचं. स्पर्धेच्या पोकरमध्ये ही सोय नाही. सगळे सारखी प्रवेश फी भरतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात आणि त्या चिप्स कुठल्याही खिडकीवर मोडून मिळत नाहीत. ज्याच्या संपल्या तो बाहेर. बाहेर पडायचा जो क्रम, त्याच्या उलट क्रमाने बक्षीस. हजारो लोक गळत गळत शेवटी एका टेबलावर नऊ जण उरतात. तिथून पुढे प्रत्येक गळणाऱ्या माणसागणिक उरलेल्यांचं बक्षीस वाढतं.

म्हणजे तुम्ही काहीही न करता नुसतं बसून राहिलात आणि शेजारचा मेला, तर तुमची बढती. सरकारी नोकरीतली ज्येष्ठता यादी ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.

२००८ ची गोष्ट. लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर. त्या वर्षी संयोजकांच्या डोक्यात आलं, की शेवटचे नऊ जण जुलैत ठरवायचे आणि अंतिम फेरी थेट नोव्हेंबरात घ्यायची. टीव्हीला बरं पडतं. नवव्या क्रमांकाचे ९,००,६७० डॉलर सगळ्यांच्या हातावर जुलैतच ठेवले आणि सांगितलं, उरलेल्याचं दिवाळीनंतर बघू. सगळ्यांत मोठा ढीग होता डेनिस फिलिप्सकडे, २ कोटी ६२ लाख ९५ हजार चिप्स. सगळ्यांत लहान केली किमकडे, २६ लाख २० हजार. जेमतेम दहावा हिस्सा. आठव्या क्रमांकावरच्या क्रेग मार्क्विसकडेही १ कोटी २ लाखांवर होत्या. म्हणजे किमच्या चौपटीच्या जवळपास.

आता चार महिने हा किम घरी बसून काय करत असेल, याची कल्पना करा. आपल्याकडे असता तर गल्लीतल्या प्रत्येकाने सल्ला दिला असता. एक म्हणाला असता, “पहिल्याच हाताला सगळं लावून दे बे, मर्दासारखा.” दुसरा म्हणाला असता, “काही करू नको, नुसता बसून राह्य.” आणि आईने टेकडी गणपतीला नवस बोलून वर बजावलं असतं, “तिकडचं थंड पाणी पिऊ नको.”

नोव्हेंबरात टेबल पुन्हा बसलं. सगळ्यांत आधी कोण गेला? मार्क्विस. चौपट चिप्सवाला. किम टिकून राहिला आणि आठवा आला. त्याला मिळाले १२,८८,२१७ डॉलर. एका जागेचा फरक ३,८७,५४७ डॉलर, त्या वेळच्या दराने पावणेदोन कोटी रुपयांहून जास्त. हे पैसे किमने जिंकले असं म्हणणं धाडसाचं होईल. ते मार्क्विसने हरले आणि किम तिथे हजर होता. पहिला आलेला पीटर ईस्टगेट नव्वद लाखांहून जास्त डॉलर घेऊन गेला आणि इतिहासात त्याचंच नाव राहिलं. पण माझं मन मात्र किमच्या खुर्चीत अडकून पडलंय.

या कमी चिप्सवाल्यांसाठी शास्त्र आहे. डॅन हॅरिंग्टन नावाच्या एका जगज्जेत्याने पुस्तक लिहून सगळ्यांना पाठ करून दिलं, आणि मूळ कल्पना पॉल मॅग्रिएलची. पोकरमध्ये दर फेरीला काही चिप्स सक्तीने टाकाव्याच लागतात. त्यांना ब्लाइंड आणि अँटी म्हणतात. खेळा की खेळू नका, हा मेंटेनन्स भरावाच लागतो. तुमच्या एकूण चिप्सना एका फेरीच्या या खर्चाने भागायचं. येणारा आकडा म्हणजे एकही डाव न खेळता तुम्ही किती फेऱ्या जगाल. वीसच्या वर असाल तर हिरवा पट्टा, रुबाबात खेळा. दहा ते वीस पिवळा. सहा ते दहा नारिंगी. त्याखाली लाल, म्हणजे आता फक्त दोनच चाली शिल्लक: पत्ते टाकून द्या, नाहीतर सगळ्याच्या सगळ्या चिप्स मध्ये ढकला. आणि एकच्या खाली आलात तर त्या पट्ट्याला रंग नाही, नुसतं ‘मेलेला’ म्हणतात.

लाल पट्ट्यातल्या माणसाची गंमत अशी, की त्याचं डोकं एकदम मोकळं होतं. किती लावू, मागे राहू की पुढे जाऊ, समोरच्याला काय वाटेल, हे सगळे प्रश्न मिटतात. सगळं लावायचं की नाही, एवढंच उरतं. आणि त्याच्या मदतीला एक पुराणकथा कायम तयार असते. १९८२ च्या त्याच वर्ल्ड सिरीजमध्ये जॅक स्ट्रॉस नावाच्या उंचाड्या माणसाने सगळ्या चिप्स लावल्या, हरला, निघाला, आणि मग दिसलं की रुमालाखाली एक चिप राहून गेलीय. ‘सगळं लावतो’ असं तोंडाने म्हणालेला नसल्यामुळे ती चिप त्याची. त्या एका चिपवर तो पुन्हा बसला आणि जगज्जेता होऊन ५,२०,००० डॉलर घेऊन उठला. तेव्हापासून प्रत्येक हरणाऱ्याला ही कथा ऐकवतात. ज्यांच्या रुमालाखाली एक चिप निघाली आणि तीही पुढच्याच हाताला गेली, त्यांची चरित्रं कुणी लिहिलेली नाहीत.

पण आता खरी मेख ऐका. १९७३ मध्ये डेव्हिड हार्व्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतीत दुसरा-तिसरा कोण येईल याची शक्यता काढायचं एक सूत्र मांडलं. पुढे १९८७ मध्ये मेसन माल्मथने तेच गणित पोकरच्या टेबलावर आणलं. घोड्यांच्या जागी माणसं बसवली, एवढाच काय तो बदल. आज जगातला प्रत्येक व्यावसायिक खेळाडू हे गणित घोकून शेवटच्या टेबलावर बसतो.

आपण छोटं उदाहरण घेऊ. तीन जण उरलेत. एकाकडे ५० चिप्स, दुसऱ्याकडे ३०, तिसऱ्याकडे २०. बक्षिसं ५०, ३० आणि २० रुपये. शंभर चिप्स, शंभर रुपये. एका चिपचा एक रुपया, असं तिसरीतलं पोरही सांगेल. आणि चुकेल. सूत्राप्रमाणे ५० चिप्सवाल्याची किंमत निघते ३८ रुपये ३९ पैसे, ३० वाल्याची ३२ रुपये ७५ पैसे आणि २० वाल्याची तब्बल २८ रुपये ८६ पैसे. कारण उघड आहे. तिघांनाही किमान २० रुपये मिळणारच आहेत, म्हणजे साठ रुपये आधीच वाटले गेलेत. भांडण आहे ते उरलेल्या चाळीसचं. गरिबाची चिप महाग आणि श्रीमंताची स्वस्त, असा समाजवाद जगात दुसरीकडे कुठे नाही. आला तो लास वेगासच्या जुगारात.

मग पुढचा प्रश्न. सगळं लावायची वेळ आली, तर जिंकायची किती खात्री असल्यावर उडी मारावी? नुसत्या चिप्सचा हिशोब असता तर पन्नास टक्क्यांना हरकत नव्हती. पण बक्षिसांचा हिशोब धरून मी कागदावर मांडून पाहिलं. मोठा आणि मधला समोरासमोर आले, तर मोठ्याला ५४ टक्के खात्री पुरते. सगळ्यांत लहान माणूस मोठ्याशी भिडणार असेल, तर त्याला ५७ टक्के लागते. आणि मधल्याला? ६१ टक्के. सगळ्यांत जास्त.

हा आकडा आला तेव्हा मी पेन खाली ठेवलं. आजवर मला वाटायचं, भीती सगळ्यांत गरिबाला असेल. गणित म्हणतं, नाही. गरिबाला गमवायला आहे काय? तो आज ना उद्या जाणारच, हे त्यालाही ठाऊक आणि टेबलालाही. श्रीमंत हरला तरी खेळात राहतो. मरण आहे ते मधल्याचं. त्याच्याखाली अजून एक जण आहे, तो आधी गेला तर आपली एक पायरी वाढणार, या आशेपायी मधला चांगले चांगले पत्ते टाकून देतो. आणि मोठा हे ओळखून असतो. तो प्रत्येक हाताला ढीग पुढे ढकलतो आणि मधला प्रत्येक हाताला मान खाली घालून पास म्हणतो. लहान्याकडे सगळे दयेने बघतात. मधल्याकडे कुणी बघतच नाही, आणि त्याच्या चिप्स मात्र जात राहतात.

समोरचा ढीग बघून वागायचं हे शिक्षण घ्यायला नागपूरकराला वेगासला जायची गरज नाही. २०२५ च्या रणजी अंतिम सामन्याला जो जामठ्याला गेला होता, त्याने हे डोळ्यांनी पाहिलं. समोर केरळ, पहिल्यांदाच अंतिम फेरीत. पण आला कसा, ते बघा. उपांत्यपूर्व सामन्यात जम्मू-काश्मीरच्या २८० ला उत्तर २८१. सामना अनिर्णित, पण पहिल्या डावात एका धावेची आघाडी, म्हणून पुढे. उपांत्य सामन्यात केरळच्या ४५७ समोर गुजरात ४५५. गुजरातचा शेवटचा गडी कसा बाद झाला, तर फटका जवळच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटवर आदळला, चेंडू उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. दोन धावांनी पुढे. याला म्हणतात शॉर्ट स्टॅक! सगळं लावून सगळं वाचवत, एक धाव, दोन धावा असं करत माणसं जामठ्यापर्यंत आली.

आणि इथे आमचा विदर्भ. पहिल्या डावात ३७९, त्यात दानिश मालेवारच्या १५३. केरळ ३४२. आघाडी ३७ धावांची. आता नियम असा, की सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातल्या आघाडीवाला विजेता. झालं! आमच्या लोकांनी दुसऱ्या डावात बॅट हातात घेतली ती ठेवलीच नाही. करुण नायरच्या १३५. धावा ३७५ आणि गडी बाद ९. शेवटच्या दिवशी टीव्हीवर जाणकार विचारत होते, डाव घोषित कधी करणार? कायले करायचा डाव घोषित? ज्याच्याकडे मोठा ढीग आहे, त्याने शॉर्ट स्टॅकला फुकटची संधी द्यायची, हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय? हस्तांदोलन झालं, करंडक तिसऱ्यांदा विदर्भात आला. मुंबईच्या लोकांनी थोडं नाक मुरडलं असेल, पण ते त्यांचं काम आहे. ते काम गेली नव्वद वर्षं चोख चाललंय.

तर एवढं सगळं शास्त्र पचवून झाल्यावर, हे गणित प्रत्यक्षात कुठे कोसळतं तेही सांगायला हवं. ते कोसळलं आमच्या फ्लॅट स्कीममध्ये, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी.

पोरांचे लाकडी बैल सजवून, मिरवून, बोजारा गोळा करून झाला होता. मोठ्यांसाठी काहीतरी हवं म्हणून पार्किंगमध्ये सतरंज्या टाकून पोकर ठेवला. फी शून्य, चिप्सऐवजी चिंचोके, म्हणजे १८८७ चा कायदाही खूश. बक्षिसं ठेवली होती तळमजल्यावरच्या ठेकेदार काकांनी, एका सिमेंटवाल्याने दिवाळीला दिलेल्या आणि घरात न लागणाऱ्या वस्तूंमधून. पहिलं मिक्सर, दुसरं प्रेशर कुकर, तिसरं चार पुडांचा डबा, चौथं बादली. चोवीस जण बसले, प्रत्येकी वीस चिंचोके. नियम समजावून सांगितले दुसऱ्या मजल्यावरच्या भाच्याने. हा पुण्यात आयटीत असतो, गोव्याला दोनदा जाऊन आलाय आणि दर तीन वाक्यांत एकदा ‘इक्विटी’ म्हणतो.

रात्री नऊला पाच जण उरले. ठेकेदार काकांसमोर अडीचशे चिंचोके. भाच्यासमोर एकशे दहा. आणखी दोघांकडे साठ आणि एकोणपन्नास. आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या काकूंसमोर अकरा. दर फेरीला सक्तीचे सहा चिंचोके जाणार. हॅरिंग्टनसाहेबांच्या हिशोबाने काकू लाल पट्ट्याच्या तळाशी. बक्षिसं चार, माणसं पाच. म्हणजे आता जो जाईल त्याला बादलीसुद्धा नाही.

ठेकेदार काका प्रत्येक हाताला ढीग पुढे सारत होते. पत्ते बघून की न बघता, ते त्यांनाच ठाऊक. भाचा प्रत्येक वेळी कपाळाला आठी घालून हिशोब करायचा आणि पत्ते टाकायचा. एकदा त्याने दश्श्यांची जोडी टाकली आणि शेजारच्याला मुद्दाम दाखवली. “काकू जाऊन राहिली आहे ना,” तो कुजबुजला, “मी कायले मरू?”

काकू मात्र पत्त्यांना हातच लावत नव्हत्या. वाटून आलेले दोन पत्ते तसेच उलटे सरकवून द्यायच्या. शेवटी भाच्यालाच राहवेना.

“काकू, पाहून तरी घ्या ना पत्ते!”

“कायले? पाहिले तर खेळावं वाटते.”

जगभरच्या पोकरशास्त्रींनी ग्रंथच्या ग्रंथ लिहूनही जे शिष्यांच्या डोक्यात उतरलं नाही, ते काकूंनी पाच शब्दांत संपवलं.

यथावकाश काकूंचे चिंचोके चारावर आले. पुढच्याच हाताला त्यांना सक्तीने सगळे टाकावे लागणार होते. भाच्याने फक्त एक हात थांबायचं होतं. एकच. आणि त्याच हाताला त्याला दोन बादशहा आले. ठेकेदार काकांनी नेहमीप्रमाणे ढीग ढकलला. भाच्याने डोळे मिटले, ओठ हलवले, बहुधा सूत्र म्हटलं आणि एकशे दहा चिंचोके पुढे केले. काकांनी पत्ते उलटे केले: बदामचा एक्का आणि चौकटची तिर्री. भाच्याचा चेहरा उजळला. सत्तर टक्क्यांच्या आसपास डाव त्याचाच होता. चार पत्ते आले, काही झालं नाही. पाचवा पत्ता इस्पिकचा एक्का.

पार्किंगमध्ये शांतता पसरली. “मॅथ बरोबर होतं,” भाचा म्हणाला.

“गणित बरोबरच असते रे बाप्पा,” काकू म्हणाल्या, “बादली गेली ना पण.”

पुढचा हात. काकूंचे चार चिंचोके सक्तीने आत. पत्ते उलटले तर दुर्री आणि सत्ती, पोकरमधली सगळ्यांत भिकार जोडी. खाली दुर्री आली, सत्तीही आली. काकू जिवंत. त्यानंतर ठेकेदार काकांनी बाकीच्या दोघांना आपणहून गिळलं. एकाला बादली, एकाला डबा. राहिले काका, आणि समोर जेमतेम वीसेक चिंचोके घेऊन काकू.

आता सगळी स्कीम काकूंच्या मागे. पहिल्या मजल्यापासून चौथ्यापर्यंतच्या बाया टाळ्या वाजवू लागल्या. भाच्याने दुःख गिळून काकूंचं वकीलपत्र घेतलं आणि जॅक स्ट्रॉसची गोष्ट सांगायला सुरुवात केली. काकूंनी त्याला हातानेच थांबवलं आणि ठेकेदार काकांकडे वळल्या.

“भाऊ, तुम्हाले मिक्सर पाहिजे का?”

“तो मीच तर दिला ना, काकू.”

“मंग घ्या तुमचा तुम्ही. माझ्या घरी आहे. माझ्या कुकरचं रबर चार महिन्यांपासून गेलं आहे, नवीन बसतच नाही. मले कुकर द्या अन् उठा. वरण-भात निवून राहिला.”

व्यावसायिक खेळाडूही शेवटी असाच सौदा करतात. टेबल थांबवतात, ते घोड्यांचं सूत्र मांडतात, आकडे काढतात, घासाघीस करतात, आणि उरलेली रक्कम वाटून घेतात. तिथे तासभर लागू शकतो. इथे सात वाक्यं लागली. ठेकेदार काका तीन तास लढून स्वतःच्याच घरचा मिक्सर जिंकून घरी घेऊन गेले. त्यांच्या सौभाग्यवतींनी दार उघडल्यावर त्या खोक्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर कुठल्याही बिग स्टॅकला पेलणारी नव्हती.

सगळ्यांना वाटत होतं, काकू नशिबाने तिथवर पोचल्या. भाच्याला तर रात्रभर झोप लागली नाही म्हणे. मला मात्र त्यात नशीब फक्त दुर्री-सत्तीपुरतंच दिसलं. बाकी सगळे पहिलं बक्षीस जिंकायला किंवा शेवटचं न गमवायला बसले होते. काकू कुकर घ्यायला बसल्या होत्या. आपल्याला नेमकं काय हवंय हे ज्याला पहिल्या हातापासून ठाऊक आहे, त्याच्यावर बक्षिसाचा दाब कसा यावा? हार्व्हिलच्या सूत्रात पहिलं बक्षीस नेहमी दुसऱ्यापेक्षा मोठं असतं. कुकरचं रबर गेलेलं असण्याची शक्यता त्याने धरलेलीच नाही.

२०२४ मध्ये बंगळूरच्या संतोष सुवर्णांनी वेगासला अडीच लाख डॉलर प्रवेश फी असलेली स्पर्धा जिंकली आणि ५४,१५,१५२ डॉलर नेले. पराक्रमच तो, आणि असा माणूस आपल्या देशातला आहे याचा अभिमान आहेच. पण अडीच लाख डॉलर फी भरण्याची ऐपत असलेल्या माणसाला माझा सल्ला नको आहे. माझा सल्ला आहे तो बाकी आपल्यासारख्यांना, जे कुठल्याही टेबलावर बसले तरी बरोबर मध्येच सापडतात. वर बघितलं तर कुणाचा तरी ढीग, खाली बघितलं तर कुणाची तरी मूठ. अशा वेळी आपल्याखालच्या माणसाकडे बघत, तो कधी जातो याची वाट पाहत हातातले बादशहा टाकून द्यायची बुद्धी होते. ती दाबून टाका असं मी म्हणणार नाही. ६१ टक्क्यांचा आकडा काही खोटा नाही. फक्त ज्याच्या जाण्यावर तुमची सगळी मदार आहे, तो अकरा चिंचोक्यांवाला माणूस पोस्टातून निवृत्त झालेला नाही ना, एवढं आधी विचारून घ्या.